काटा आणि आकडे : जुन्या पिकअपचा स्पीडोमीटर चुकतो तेव्हा

जुन्या पिकअपचा स्पीडोमीटर चुकीचं दाखवू लागला म्हणून गाडी कोणी लगेच गॅरेजला लावत नाही. क्लच घसरायला लागला की भाडं बुडतं, ब्रेक लागेना की जीव धोक्यात येतो. काटा चुकला म्हणून नारायणगावचा टोमॅटो किंवा लासलगावचा कांदा काही थांबत नाही. मालक म्हणतो, ‘इतकी वर्षं चालवतोय, वेग कळतो मला.’ रिकामी गाडी घेऊन गावातल्या रस्त्यावर तो कळतही असेल. पण चौपदरी महामार्गावर, रात्री, मागे दीड टन माल असताना माणसाचा वेगाचा अंदाज चुकतो. तासभर एकाच वेगानं चाललं की तो वेग कमी वाटू लागतो, हा प्रत्येक ड्रायव्हरचा अनुभव आहे.

शिवाय वेगाचा प्रश्न आता कॅमेऱ्यांच्या हाती गेला आहे. केंद्र सरकारच्या एप्रिल २०१८च्या अधिसूचनेनुसार मालवाहू वाहनांना द्रुतगती मार्गावर आणि दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर कमाल ताशी ८० किलोमीटर, तर शहरात आणि इतर रस्त्यांवर ताशी ६० किलोमीटर ही मर्यादा आहे. पिकअप कितीही लहान असली तरी मालवाहू म्हणून नोंदलेली असेल तर तिला हीच मर्यादा लागू होते. ज्याचा काटा ७५वर असताना गाडी प्रत्यक्षात ८४नं धावते आहे, त्याला चलन का आलं हे समजतच नाही.

या बिघाडावर गॅरेजमध्ये पहिला उपाय ठरलेला असतो: केबल बदला. त्यानं भागलं नाही तर मीटर बदला. माझं ठाम मत आहे की हा क्रम उलटा आहे. मीटरच्या डब्यात वेग दाखवणारा काटा आणि किलोमीटर मोजणारे आकडे असे दोन वेगळे साक्षीदार बसलेले असतात. त्या दोघांची साक्ष वेगवेगळी घेतली तर पाना हातात घेण्याआधीच निम्म्याहून अधिक निदान होतं. हे कसं, ते समजायला डब्याच्या आत डोकवावं लागेल.

काट्याच्या मीटरची मूळ कल्पना बर्लिनच्या ओटो शुल्झेची; त्यानं १९०२ साली तिचं पेटंट घेतलं आणि पुढची ऐंशी-नव्वद वर्षं जगभरातल्या गाड्या तिच्यावरच चालल्या. आपल्याकडे महिंद्रानं १९४७ साली मुंबईत जुळवायला घेतलेल्या विलीज जीपपासून टेल्कोच्या १९८८च्या टाटामोबाइल २०६पर्यंतच्या गाड्यांचं मीटर याच जातीचं. गीअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टवर, किंवा जीपसारख्या गाडीत ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर, एक वर्म गीअर असतो. तो एका छोट्या पिनियनला फिरवतो, पिनियन केबलच्या आतल्या तारेला फिरवते आणि तार थेट मीटरमध्ये जाऊन एका लोहचुंबकाला फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. दोघांचा एकमेकांना स्पर्श नसतो, पण फिरत्या चुंबकामुळे वाटीत भोवरी विद्युतप्रवाह तयार होतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. घड्याळातल्यासारखी एक बारीक केसस्प्रिंग तिला मागे खेचते. ओढ आणि स्प्रिंग यांचा तोल जिथे साधतो, तिथे काटा थांबतो.

आकड्यांची गोष्ट वेगळी. तीच केबल छोट्या गरारींमधून आकड्यांच्या चकत्या फिरवते. तिथे चुंबक नाही, स्प्रिंग नाही. केबल अमुक इतकी फिरली की आकडा एकानं पुढे, एवढंच. म्हणून आकडे एक तर बरोबर मोजतात, किंवा गाडीकडून येणाऱ्या फेऱ्याच चुकीच्या असल्या तर ठरावीक प्रमाणात चुकतात, किंवा साफ बंद पडतात. डळमळणं त्यांच्या स्वभावात नाही. डळमळतो तो काटा.

तेव्हा पहिलं काम मोजण्याचं. सरळ, सपाट, मोकळा रस्ता बघावा, टायरमध्ये हवा नेहमीइतकी असावी. मोबाइलच्या जीपीएसवर दिसणारा वेग या कामाला पुरेसा आहे, फक्त गाडी काही सेकंद एकाच वेगानं चालू द्यावी. वेग वाढत-घटत असताना फोन थोडा मागे राहतो आणि घाटात, बोगद्यात, दाट झाडीत त्यावर विसंबू नये. फोन शेजारच्यानं बघावा, चालवणाऱ्यानं नाही. फोन नसेल तर मैलाचे दगड आहेतच: दोन दगडांमधले सेकंद मोजायचे आणि ३६००ला त्यानं भागायचं. ४५ सेकंद लागले तर वेग ताशी ८०, साठ लागले तर ६०. रस्त्याचं वळण सरळ केलेल्या ठिकाणी एखादा दगड चुकीच्या जागी असू शकतो, म्हणून सलग दहा किलोमीटर मोजणं चांगलं. त्याच दहा-वीस किलोमीटरमध्ये मीटरचे आकडे किती पुढे सरकले, तेही टिपून ठेवावं. काट्याची नोंद मात्र एकाच वेगाला घेऊन चालत नाही. ३०, ५० आणि ७० अशा तीन ठिकाणी घ्यावी.

या नोंदींचा अर्थ लावणं हा सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. खरा वेग ३०, ५०, ७० असताना काटा ३३, ५५, ७७ दाखवत असेल तर चूक प्रमाणात आहे, दहा टक्क्यांची. आकडेही दहा टक्के जास्त पळत असतील तर मीटरचा डबा बहुधा निर्दोष आहे. दोष टायर, केबलची पिनियन किंवा डिफरन्शियलमधल्या क्राउन-पिनियनच्या गणितात शोधायचा. काटा चुकतोय पण आकडे बरोबर आहेत, तर गाडी निर्दोष आणि दोष डब्यात. काटा ३८, ५८, ७८ दाखवत असेल, म्हणजे सगळीकडे सारखाच आठनं पुढे, तर कोणीतरी डबा उघडून काटा काढला आणि चुकीच्या कोनात परत बसवला. गाडी उभी असताना खुंटीमुळे असा काटा शून्यावरच दिसू शकतो, म्हणून उभ्या गाडीत ही चूक कधी कधी लपून राहते. काटा थरथरतो पण आकडे नीट सरकतात, तर केबल. दोन्ही बंद, तर केबल तुटली, पिनियनचे दात गेले किंवा मीटरचा चौकोनी खड्डा झिजला.

आता यातलं सर्वात जास्त आढळणारं आणि सर्वात कमी ओळखलं जाणारं कारण: टायर. मीटरला रस्ता दिसत नाही, ते फक्त शाफ्टच्या फेऱ्या मोजतं. एका फेरीत गाडी किती पुढे जाते हे चाकाच्या घेरावर ठरतं. २१५/७५ आर १५ या टायरचा व्यास मोजमापावरून ७०३.५ मिलिमीटर येतो. माल जास्त भरायचा म्हणून किंवा गाडी उंच दिसावी म्हणून त्याजागी २३५/७५ आर १५ घातला तर व्यास होतो ७३३.५ मिलिमीटर, म्हणजे सव्वाचार टक्के जास्त. काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी साडेबासष्टच्या वेगात असेल. उलट, नव्या टायरची सहा मिलिमीटर नक्षी झिजली की व्यास बारा मिलिमीटरनं घटतो, आणि मीटर पावणेदोन टक्के जास्त दाखवू लागतं. मोठा टायर मीटरला कमी बोलायला लावतो, झिजलेला टायर जास्त. टायरच्या बाजूवर छापलेला आकार आणि गाडीच्या कागदपत्रांतला आकार पडताळून बघणं हे पाच मिनिटांचं काम आहे, खर्च शून्य.

इथे जरा थांबून ‘ॲव्हरेज’चा विचार करायला हवा, कारण मोठे टायर घातल्यावर ‘गाडीचं ॲव्हरेज पडलं’ ही तक्रार हमखास येते. मोठ्या टायरनं इंजिनावर थोडा भार वाढतो, हे खरं. पण तक्रारीतला मोठा वाटा आकड्यांचा असू शकतो. वर सांगितलेल्या बदलानंतर गाडी १०४ किलोमीटर चालली तरी आकडे १००च दाखवतात. टाकी फुल ते टाकी फुल हिशेब करून लिटरला ११.५ किलोमीटर आले, तर खरं ॲव्हरेज १२च्या जवळ आहे. ज्याचं भाडं किलोमीटरवर ठरतं, तो प्रत्येक शंभर किलोमीटरमागे चार किलोमीटर फुकट चालवतो. ऑइल बदलायची वेळही तेवढीच उशिरा येते. काट्यापेक्षा आकड्यांची चूक खिशाला जास्त लागते, आणि तिच्याकडे लक्ष जातं सर्वात कमी.

टायरच्या मागोमाग येतो क्राउन-पिनियन. जुन्या जीपच्या धुऱ्यांमध्ये ४३ दातांचा क्राउन आणि ८ दातांची पिनियन, म्हणजे ५.३८चं गुणोत्तर नेहमीचं. चढाला आणि ओझ्याला उत्तम, पण सपाट रस्त्यावर इंजिन ओरडतं. म्हणून ३९ आणि ८ दातांचा, ४.८८चा जोड बसवला जातो. चाकं शाफ्टच्या एका फेरीत आता दहा टक्के जास्त फिरतात. वर्म गीअर मात्र शाफ्टवर आहे, त्याला याचा पत्ता नसतो. काटा ६०, गाडी ६६. त्याच गाडीला वरचे मोठे टायरही घातले तर दोन्ही चुका बेरजेनं नाही, गुणाकारानं जमतात: काटा ६०, गाडी ६९. ८०च्या काट्याला तीच गाडी ९२नं धावते. दोन्ही बदल स्वतंत्रपणे समजूतदारपणाचेच असतात, वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या गॅरेजमध्ये झालेले असतात, आणि मीटरची आठवण कोणालाच झालेली नसते. जुनी गाडी तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे आली की हा इतिहास सांगणारंही कोणी उरत नाही.

गाडीत कोणतं गुणोत्तर आहे हे डिफरन्शियल न उघडताही कळतं. मागचं एकच चाक जॅकवर घ्यावं, गाडी न्यूट्रलला ठेवावी. हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड लावल्याशिवाय हे करू नये. मग उचललेलं चाक हातानं बरोबर दोन फेऱ्या फिरवायचं आणि प्रोपेलर शाफ्ट किती फिरला ते मोजायचं. पाच फेऱ्यांना थोडं कमी म्हणजे ४.८८; सव्वापाच फेऱ्यांहून थोडं जास्त म्हणजे ५.३८. दोन फेऱ्या यासाठी की एक चाक अडलेलं असताना दुसरं दुप्पट फिरतं.

प्रमाणातली चूक दुरुस्त करायची जागा म्हणजे केबलच्या गीअरबॉक्सकडच्या टोकाची पिनियन. तिचे दात वाढवले की केबल हळू फिरते, कमी केले की जोरात. हिशेब साधा आहे: आत्ताच्या दातांना मीटर दाखवतं त्या वेगानं गुणायचं आणि खऱ्या वेगानं भागायचं. १८ दातांची पिनियन आहे, काटा ६६ दाखवतो आणि खरा वेग ६० आहे, तर उत्तर १९.८ येतं, २० दातांची पिनियन लागेल. अमेरिकेत फोर्ड आणि जनरल मोटर्सच्या जुन्या पिकअपसाठी वेगवेगळ्या दातांच्या नायलॉनच्या पिनियन वेगवेगळ्या रंगांत मिळत आल्या आहेत, त्यामुळे टायर बदलला की पिनियन बदलणं ही तिकडे नेहमीची गोष्ट झाली. आपल्याकडे हवी ती पिनियन मिळवायला हिंडावं लागतं. तरीही डबा बदलण्यापेक्षा हाच मार्ग बरोबर, कारण यानं काटा आणि आकडे दोन्ही एकाच वेळी सुधारतात. पिनियनची ऑइल सील त्याच वेळी नवी घालावी. ती गळत असेल तर गीअर ऑइल केबलमधून वर चढतं आणि एके दिवशी मीटरमध्ये पोचतं.

केबलबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण तिची लक्षणं बोलकी आहेत. कमी वेगात काटा नाचतो, डॅशबोर्डमागून चिवचिव येते, हिवाळ्यात सकाळी आवाज वाढतो. आतली तार काढून जमिनीवर लोळवावी. कुठे मुडपलेली असेल तर तिथे ती उडी मारते. बाहेरचं आवरण सायलेन्सरला लागून वितळलेलं नाही ना, कुठे तीव्र वळण नाही ना, हे बघावं. वळणाची त्रिज्या वीतभर तरी हवी. वंगण लावताना हात आखडता ठेवावा, खालच्या दोन-तृतीयांश भागालाच हलकं ग्रीस पुरे. वरच्या भागाला चोपडलेलं ग्रीस तारेच्या पिळावरून चढत मीटरमध्ये जातं, वाटीला चिकटतं आणि मग काटा एकदम शेवटाला जाऊन बसतो. तुटलेल्या केबलजागी नवी घालण्याआधी मीटरचं टोक बोटांनी फिरवून पाहिलंच पाहिजे. ते जड फिरत असेल तर नवी केबलही तशीच तुटणार.

डब्यातले दोष वयाचे असतात. चुंबक वर्षानुवर्षांनी थोडा कमजोर होतो, मग काटा कमी दाखवतो. केसस्प्रिंग सैल पडली की जास्त दाखवतो. आतलं तेल सुकलं, धूळ बसली की काटा अडखळत वर चढतो. डबा तपासायला तो गाडीतून काढून, वेग कमी-जास्त करता येणाऱ्या ड्रिलनं केबलचं टोक फिरवतात, अगदी हळू वेगापासून आणि योग्य दिशेनं. जपानी मानकाप्रमाणे बनलेल्या मीटरमध्ये केबल मिनिटाला ६३७ फेऱ्या फिरली की काटा ६०वर यायला हवा. अमेरिकी गाड्यांमध्ये हजार फेऱ्यांना ताशी ६० मैल. हे प्रमाण सगळ्या मीटरांत सारखं नसतं, आणि इथेच जुन्या बाजारातून डबा आणणारे फसतात. मुंबईच्या कुर्ल्यात किंवा चोर बाजारात मिळालेला डबा दिसायला हुबेहूब असतो, भोकं जुळतात, पण केबलच्या फेऱ्यांचा हिशेब दुसऱ्याच गाडीचा असतो. जर्मन व्हीडीओ कंपनीच्या तबकडीवर दर मीटर अंतरामागे केबलच्या किती फेऱ्या ते बारीक अक्षरात छापलेलं असतं, ब्रिटिश स्मिथ्सच्या तबकडीवर मैलामागे किती ते. तो आकडा जुन्या आणि नव्या डब्यावर एकच आहे की नाही, हे पैसे देण्याआधी बघावं.

केबल गेली आणि सेन्सर आला, तरी प्रश्नाचा सांगाडा तोच राहिला. पुष्कळ गाड्यांत केबलच्याच जागी, त्याच पिनियनवर सेन्सर बसला. तो शाफ्टच्या फेऱ्यांचे विजेचे ठोके करून डॅशबोर्डला पाठवतो. दोष आता तारेत, कनेक्टरमध्ये आणि अर्थिंगमध्ये शोधायचा. पावसात काटा पडतो, खड्ड्यात आपटल्यावर परत उठतो, ही कनेक्टरची लक्षणं. तीन तारांच्या सेन्सरला पुरवठा येतो का, अर्थ पक्का आहे का आणि मागची दोन्ही चाकं सुरक्षितपणे उचलून फिरवली की तिसऱ्या तारेवर व्होल्टेज वर-खाली होतं का, एवढं साध्या मल्टिमीटरवर कळतं. सेन्सर चुंबकीय असेल तर त्याच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटतो. कित्येकदा तो पुसणं हीच दुरुस्ती.

अमेरिकी पिकअपच्या अनुभवातून दोन गोष्टी आपल्यालाही उपयोगी आहेत. फोर्डच्या १९९२ ते १९९६च्या एफ-१५०मध्ये ठोके गीअरबॉक्समधून नाही, मागच्या डिफरन्शियलमधल्या दातेरी कडीवरून घेतले जातात, आणि तोच सेन्सर ब्रेकच्या एबीएसलाही माहिती पुरवतो. कडी चाकांच्या वेगानं फिरते, म्हणून तिथे क्राउन-पिनियन बदलून मीटर चुकत नाही, फक्त टायर बदलून चुकतं. काट्याबरोबर एबीएसचा दिवाही लागला तर संशय थेट सेन्सरवर. दुसरी गोष्ट जनरल मोटर्सच्या २००३ ते २००६च्या पिकअपची. त्यांत काटा फिरवणाऱ्या छोट्या स्टेपर मोटरी मोठ्या प्रमाणावर निकामी झाल्या: गाडी उभी असताना काटा भलत्याच आकड्यावर, पण किलोमीटर बिनचूक. चुंबकाच्या जागी मोटर आली तरी ‘काटा चुकला, आकडे बरोबर, म्हणजे दोष डब्यात’ हा नियम टिकला.

किती चूक चालते? संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतला ३९वा नियम सांगतो की मीटर खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी दाखवता कामा नये. जास्त दाखवायची मुभा, मोटारी आणि हलक्या मालवाहू गाड्यांना, खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक ताशी ४ किलोमीटर एवढी आहे. खरा वेग ८० असताना मीटर ९२ दाखवू शकतं. नव्या गाडीचा काटा जीपीएसच्या पुढे असतो तो याचमुळे, तो बिघाड नाही. अमेरिकेत व्यावसायिक मालमोटारींसाठी ताशी ५० मैलांना पाच मैल इकडे-तिकडे चालतात. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११७वा नियम स्पीडोमीटर असणं बंधनकारक करतो. मला यातलं ‘कधीही कमी नाही’ हे तत्त्व सर्वात मोलाचं वाटतं. चार-पाच किलोमीटर जास्त दाखवणाऱ्या मीटरच्या मागे लागायची गरज नाही. त्याला तसंच राहू द्यावं. कमी दाखवणारं मीटर मात्र, मग ती चूक पाच टक्क्यांची का असेना, दुरुस्त होईपर्यंत माल भरून महामार्गावर नेऊ नये.

गॅरेजवाल्यांना आणि मालकांना एक विनंती आहे. टायरचा आकार, क्राउन-पिनियन किंवा मीटरची पिनियन यांपैकी काहीही बदललं, तर तारीख, त्या वेळचे किलोमीटर आणि नवा आकार किंवा दातांची संख्या एका चिठ्ठीवर लिहून ती गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवा. आणि जुनी पिकअप विकत घेणाऱ्यांनी व्यवहार ठरवण्याआधी फोन लावून ती दहा किलोमीटर चालवून पाहा, काटा आणि आकडे दोन्ही टिपून घ्या. आकडे दहा टक्के कमी सरकत असतील, तर लाख किलोमीटर सांगितलेली ती गाडी एक लाख दहा-अकरा हजार चाललेली असू शकते, आणि किंमत त्या हिशेबानंच ठरवा.